शह, मात आणि चेक: एका शब्दाची भावकी

पाण्याचा मीटर चेक करायचा असतो, दिलेला चेक वटायचा असतो, शर्ट चेक्सचा असतो, बसमध्ये चेकर चढतो, मुलुंडच्या चेकनाक्यावर उतरायचं असतं आणि विमानतळावर चेक-इन असतं. शिवारात चेक डॅम, फिटरच्या डब्यात चेकनट. देवनागरीत हे सगळं एकाच रूपात लिहिलं जात असल्यामुळे एवढ्या वेगळ्या गोष्टींना एकच नाव का, हा प्रश्न सहसा पडत नाही. पडला तरी ‘इंग्रजीत असतात असे एकसारखे शब्द’ म्हणून सोडून दिला जातो. पण हे योगायोगाने एकसारखे झालेले शब्द नाहीत, एकाच शब्दाची भावकी आहे. त्यात उपरा एकच, युरोपातला चेक देश. ते नाव तिथल्या लोकांच्या स्वतःच्या नावावरून आलं आहे, या कुळाशी त्याचं नातं नाही.

या भावकीचा मूळ पुरुष मराठीत इंग्रजांच्याही आधीपासून राहतो आहे. तो म्हणजे शह.

बुद्धिबळाचा प्रवास बहुतेकांना ठाऊक असतो. भारतातलं चतुरंग इराणात गेलं, तिथे त्याचं चत्रंग झालं, अरबांनी त्याला शतरंज म्हटलं. इराणी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या राजावर चाल करताना ‘शाह!’ म्हणायचा, म्हणजे ‘राजाला सांभाळ’. शाह हा शब्द फार जुना. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणी सम्राट दारियसच्या शिलालेखांत तो ‘ख्शायथिय’ अशा रूपात दिसतो, आणि त्याचा धातू संस्कृतातल्या क्षत्र, क्षत्रिय या शब्दांच्या धातूचा सख्खा भाऊ आहे. मराठीने फारसीतून हा शब्द थेट घेतला: शह देणे, शहाला काटशह. राजकारणाच्या बातम्या या दोन शब्दांवाचून लिहिणं आपल्याला आजही जमत नाही.

युरोपकडे तोच शब्द लांबच्या वाटेने गेला. अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’. इंग्रजीत येताना पुढचा स्वर गळाला आणि उरला चेक. त्याच एशेकच्या अनेकवचनातून चेस, म्हणजे बुद्धिबळ, हे नाव तयार झालं. चेक आणि चेस हे मुळात एकाच शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन आहेत. फ्रेंचमध्ये हा शब्द आजही बुद्धिबळासाठी वापरतात, आणि एकवचनात त्याचा रोजचा अर्थ आहे अपयश.

चेकमेट म्हणजे ‘शाह मात’. त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगितला जातो, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. पण फारसीत मात म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, आणि खेळाला हाच अर्थ जुळतो: बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याला फक्त पळायला जागा उरत नाही. आपलं ‘मात करणे’ही तिथलंच. मराठीत आपण संकटावर मात करतो तेव्हा त्याला मारत नाही, निरुपाय करतो. मूळ अर्थ मराठीने इंग्रजीपेक्षा चांगला जपला आहे, असं माझं मत.

आधी थांबवणे, मग तपासणे

आज चेक म्हटलं की पहिला अर्थ मनात येतो तो तपासण्याचा. कालक्रमाने तो उशिराचा आहे. पटावर शह बसला की खेळाडूचे बाकी सगळे बेत गोठतात. त्याच्यापुढे तीनच वाटा असतात: राजा हलवायचा, शह देणारं मोहरं मारायचं किंवा मध्ये काही घालायचं. दोन मोहऱ्यांनी एकदम शह दिला तर दुसरी आणि तिसरी वाटही बंद, राजाच हलवावा लागतो. चालू असलेली गोष्ट अशी एकाएकी अडवणे हा अर्थ १४व्या शतकातच इंग्रजीत पटाबाहेर पडला. तिथून आवर घालणे, काबूत ठेवणे. ‘बरोबर आहे का ते बघणे’ हा अर्थ रुळला तो १७व्या शतकात.

तांत्रिक शब्दांत हा जुना अर्थ शाबूत आहे आणि तो माहीत नसला की गोंधळ होतो. चेक डॅममध्ये कुणी काही तपासत नाही. नाल्याचं धावतं पाणी अडवून त्याचा वेग मोडणं, गाळ खाली बसू देणं आणि पाणी जमिनीत मुरवणं एवढंच त्याचं काम. पूर आला की पाणी त्याच्या माथ्यावरून वाहून जावं, अशीच त्याची रचना असते. एका नाल्यावर असे अनेक बांध घालताना साधारण नियम असा: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यावा. अंतर जास्त ठेवलं तर मधल्या उतारावर पाणी पुन्हा वेग घेतं आणि वरच्या बांधाचा पायथा उकरतं. गाळ काढला नाही की काही पावसाळ्यांत बांध भरून सपाट होतो आणि पाणी अडणं थांबतं.

चेक व्हॉल्व्हचंही तसंच. आपल्याकडे प्लंबर त्याला एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणतात. आतली झडप पाण्याला एकाच दिशेने जाऊ देते आणि पंप बंद झाला की परतीचं पाणी अडवते. अंगावर बाण कोरलेला असतो, तो प्रवाहाच्या दिशेला हवा. उलटा बसला तर पंप चालू असूनही टाकीत थेंब येत नाही. चेकनट म्हणजे पहिल्या नटावर आवळलेला दुसरा नट, बहुधा जरा पातळ. दोन्ही नट एकमेकांवर घट्ट बसतात आणि हादऱ्याने सैल होत नाहीत. इथेही अर्थ रोखण्याचाच. क्रिकेटमधला चेक्ड ड्राइव्ह म्हणजे बॅट पूर्ण न फिरवता मध्येच आवरलेला फटका. राज्यघटनेच्या चर्चेत येणाऱ्या ‘चेक्स अँड बॅलन्सेस’चा अर्थ तपासण्या असा लावला तर चुकतो. तिथे एका सत्तेने दुसरीला घातलेला लगाम अभिप्रेत आहे. ‘कीप इन चेक’ म्हणजे आटोक्यात ठेवणे, हेही त्याच घरातलं.

अडवण्यातून तपासण्याकडे शब्द कसा गेला, ते हिशेबाच्या जगात बघावं. इंग्लंडच्या राजवाड्यात आणि आरमारी गोद्यांमध्ये ‘क्लार्क ऑफ द चेक’ नावाचा कारकून असे. हजेरी मांडणं आणि खोट्या माणसांच्या नावावर पगार निघू न देणं हे त्याचं काम. चूक किंवा लबाडी अडवायची तर प्रत्येक नोंद थांबवून दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहावी लागते. अडवणे आणि ताडून पाहणे हे एकाच कृतीचे दोन भाग आहेत. पुढे पहिला भाग मागे पडला.

पटाचं टेबल

बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिये’ म्हणत. नॉर्मन राजांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, १२व्या शतकाच्या सुरुवातीला, राजाच्या खजिन्याच्या हिशेबाला हेच नाव पडलं. इंग्रजीत त्याचं झालं एक्सचेकर. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचं पद आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ आहे. कारण अगदी ढोबळ होतं. हिशेब ज्या टेबलावर व्हायचा त्यावर पटासारख्या रेघा होत्या.

११७०च्या दशकाच्या अखेरीस खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहिलेलं या खात्याचं सविस्तर वर्णन आज उपलब्ध आहे. टेबल सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद. कडेने चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे वरच्या सोंगट्या खाली पडू नयेत. त्यावर काळं कापड, आणि कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतरावर रेघा. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमस सणाला, प्रांतोप्रांतीचे शेरीफ, म्हणजे राजाचे वसुली अधिकारी, हिशेब द्यायला येत.

रेघांचा उपयोग असा. उभे रकाने ठरलेले: पेनी, शिलिंग, पाउंड, वीस-वीस पाउंड, शेकडा, हजार, दहा हजार. १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पाउंड. समजा शेरीफकडून २४३ पाउंड १२ शिलिंग ७ पेनी येणं आहे. मग पेनीच्या रकान्यात ७ सोंगट्या, शिलिंगच्या १२, पाउंडच्या ३, विसाच्या २ आणि शेकड्याच्या २. वरच्या ओळीत येणं, खालच्या ओळीत भरलेली रक्कम, आणि दोन्ही ओळींतल्या सोंगट्या उचलत गेलं की वजाबाकी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. एवढा खटाटोप का? कारण आकडे रोमन होते. त्यांत शून्य नाही, स्थानमूल्य नाही, कागदावर वजाबाकी करणं म्हणजे शिक्षा. पटावर मात्र रिकामा रकाना आपोआप शून्याचं काम करी. ज्या देशातून चतुरंग गेलं तिथली अंकलेखनाची पद्धत युरोपात रुळेपर्यंत चतुरंगाच्या पटानेच तिची जागा भरून काढली, हा गमतीचा भाग.

पैसे भरल्याची पावती लाकडाची असे. हेझेल झाडाच्या काठीवर रकमेच्या खाचा पाडत: हजाराची खाच तळहाताएवढी रुंद, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, पाउंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी खाचांमधून उभी चिरायची आणि एकेक भाग दोन पक्षांकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग जोडून बघायचे. खाचा जुळल्या नाहीत तर कुणीतरी लबाडी केली. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या पार्लमेंटच्या भट्ट्यांमध्ये जाळल्या तेव्हा आग धुराड्यांतून पसरली आणि पार्लमेंटची इमारतच जळाली.

कागद आला तरी दोन तुकडे जुळवण्याची कल्पना राहिली. १८व्या शतकाच्या सुरुवातीला एक्सचेकरच्या कागदी हुंड्यांचा जो भाग कार्यालयात ठेवला जाई त्याला चेक म्हणत. हुंडी परत आली की तो तिच्याशी जुळवायचा आणि बनावट हुंडी तिथेच अडवायची. थोडक्यात, मुळात चेक म्हणजे आज आपण ज्याला काउंटरफॉइल म्हणतो तो तुकडा. नाव मागून फाडून द्यायच्या कागदाला चिकटलं. बँकेवर पैसे देण्याची चिठ्ठी लिहिण्याची रीत या नावापेक्षा जुनी आहे. लंडनमधली अशी एक हस्तलिखित चिठ्ठी १६ फेब्रुवारी १६५९ या तारखेची आहे.

हा शब्द अरबी ‘सक्क’पासून आला असं समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतं. सक्क हा शब्द खरा आहे आणि अब्बासी खलिफांच्या काळातल्या व्यापारात पैसे देण्याचे लेखी आदेश त्या नावाने चालत, हेही खरं. पण इंग्रजीतला माग काउंटरफॉइलकडे आणि तिथून पटाकडे जातो. त्यामुळे सक्कशी असलेलं साम्य मी योगायोगच मानतो.

स्पेलिंग आणि चेकबुक

इंग्रजीत तपासण्याचा चेक सी-एच-ई-सी-के, तर बँकेचा चेक ब्रिटन आणि भारतात सी-एच-ई-क्यू-यू-ई. हे दुसरं रूप एक्सचेकरच्या स्पेलिंगच्या प्रभावाने आलं आणि १९व्या शतकात ब्रिटिश वापरात स्थिरावलं. अमेरिकेने दोन्हींसाठी पहिलंच ठेवलं. भारतात बँकेला पत्र लिहिताना क्यू वापरा: १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्यात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) तेच स्पेलिंग आहे. मराठीत धनादेश हा कागदोपत्री शब्द. तोंडी मात्र चेक ‘वटतो’ किंवा ‘परत येतो’.

शब्दाचा मूळ हेतू लबाडी अडवण्याचा, तो चेक लिहिताना अजूनही पाळावा लागतो. रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहायची, मध्ये मोकळी जागा ठेवायची नाही, अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहून रेघ ओढायची. दोन्ही रकमा जुळल्या नाहीत तर कायद्याने अक्षरी रक्कम ग्राह्य असते, पण प्रत्यक्षात बँक बहुधा चेक परत करते. चेक मराठीतही लिहिता येतो, रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे प्रादेशिक भाषा चालते. खाडाखोड मात्र चालत नाही. नाव किंवा रक्कम चुकली तर नवा चेक फाडा. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या समांतर रेघा म्हणजे क्रॉसिंग: पैसे खिडकीवर रोख मिळणार नाहीत, बँकखात्यातच जमा होतील. मुदत तीन महिने. १ एप्रिल २०१२ पूर्वी ती सहा महिने होती. आणि काउंटरफॉइल भरा. चेक हरवला तर ‘स्टॉप पेमेंट’साठी लागणारा सहा अंकी क्रमांक तिथूनच मिळतो.

शिल्लक नसल्यामुळे चेक परत आला तर त्याच १८८१च्या कायद्याचं कलम १३८ लागू शकतं, पण त्याची घड्याळं कडक आहेत. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, आणि तेही गेले की त्यापुढे एका महिन्यात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटीस उशिरा दिली तर प्रकरण तिथेच फसू शकतं.

अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी माणसाला तीन ठिकाणी अडखळायला होतं. ‘चेकिंग अकाउंट’ म्हणजे रोजच्या देण्याघेण्याचं साधं खातं. आपल्याकडे करंट अकाउंट व्यापाऱ्याचं असतं, तसं ते नाही. पगारासाठी कंपनी ‘व्हॉइडेड चेक’ मागते, तेव्हा कोऱ्या चेकवर आडवं ‘व्हॉइड’ लिहून द्यायचा. तो आपला रद्द केलेला चेक. आणि तारीख महिना आधी, दिवस नंतर: ५ एप्रिल तिथे ०४/०५ होते. हॉटेलात जेवण झाल्यावरही ते ‘चेक’ मागतात आणि तो ‘बिलां’नी भागवतात, कारण तिथे बिल म्हणजे नोट.

खुणेचा तुकडा आणि चौकडी

जोडीचा तुकडा या अर्थाने चेक रेल्वेतही गेला. अमेरिकी रेल्वेत सामानाला पितळी बिल्ला अडकवत आणि त्याच क्रमांकाचा दुसरा प्रवाशाला देत. विमानाच्या सामानावरची चिकटपट्टी आणि बोर्डिंग पासवरचा तिचा छोटा जोडीदार ही तीच पद्धत, म्हणून ते ‘चेक्ड बॅगेज’. बेसबॉलचा सामना पावसाने वाहून गेला की पुढच्या सामन्यासाठी मिळणारा तुकडा म्हणजे रेन चेक. त्यावरून ‘टेक अ रेन चेक’, म्हणजे आज जमत नाही, पुन्हा कधी तरी.

कपड्यावरचे चेक्स पटावरूनच आले. मराठीत चौकडी हा चांगला शब्द आहे. शिंपी मोठ्या चौकडीच्या शर्टाला जास्त कापड मागतो ते उगाच नाही: बटणपट्टी, खिसा आणि बाजूच्या शिवणीवर रेघा जुळवताना कापड वाया जातं. ‘चेकर्ड करिअर’ या शब्दप्रयोगाचं भाषांतर मात्र जपून करा. त्याचा अर्थ वैविध्यपूर्ण कारकीर्द असा होत नाही. यशासोबत काही काळी घरंही आहेत असं त्यात सुचवलेलं असतं. निरोपसमारंभाच्या भाषणात तो वापरू नये.

इंग्रजीत वापरताना

क्रियापदामागे लागणारं छोटं अव्यय बदललं की काम बदलतं. पाइप ‘चेक’ करतात, पण गळतीसाठी ‘चेक फॉर’: ज्या वस्तूत शोधायचं ती चेकनंतर, जे शोधायचं ते फॉरनंतर. ‘चेक विथ’ म्हणजे त्या माणसाला विचारणे. ‘आय विल चेक माय मॅनेजर’ म्हटलं तर मॅनेजरची झडती घेणार असं होतं, ‘विथ’ हवंच. ‘चेक ऑन’ म्हणजे आजारी आजी बरी आहे ना ते डोकावून बघणे. ‘चेक अप ऑन’मध्ये संशयाचा वास येतो. ‘चेक आउट’ हॉटेलातून निघण्यासाठी ठीक आणि मित्राला नवं गाणं सुचवायलाही, पण ग्राहकाला पाठवलेल्या बिलाबाबत तो सलगीचा वाटतो, आणि माणसाबद्दल वापरला तर न्याहाळणे असा अर्थ निघतो. ‘चेक-इन’ आणि ‘चेकअप’ ही नामं जोडून लिहितात, क्रियापदं सुटी. अमेरिकी फॉर्मवर ‘चेक द बॉक्स’ असेल तर चौकटीत बरोबरची खूण करायची, ज्याला ब्रिटिश आणि आपण टिक म्हणतो.

आपले शिक्षक पेपर चेक करतात. ब्रिटनमध्ये यासाठी ‘मार्किंग’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘ग्रेडिंग’. तिथल्या माणसाला ‘पेपर चेक केले’ म्हटलं तर सगळे पेपर जमा झाले आहेत का एवढंच पाहिलं, असं त्याला वाटू शकतं. गुण दिले हे कळत नाही.